ब्रश फिरतोय, मग रंग गेला कुठं?

गणपतीच्या आधी नागपूरच्या महालातल्या चितार ओळीत, म्हणजे मूर्तिकारांच्या गल्लीत, चक्कर मारली तर दिसेल, मूर्तिकाराचा ब्रश जिथं टेकतो तिथंच रंग लागतो, त्यात विचारण्यासारखं काहीच नाही. आता महालातल्याच एका डिझाइनच्या दुकानात चला. पोळा तोंडावर आलाय, मारबतीचं, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवणुकीनं नेऊन जाळायच्या पुतळ्यांचं, बॅनर बनून राहिलंय, डावीकडं पिवळी, उजवीकडं काळी, आणि वर मोठ्या अक्षरात ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’. रंगकाम करणारी ताई पेन टॅबलेटवर हात फिरवतेय, समोर गिम्प हे चित्रं बनवायचं फुकट सॉफ्टवेअर उघडलंय, आणि इथं मात्र हात एकीकडं अन् रंग भलतीकडं, कधी अर्धाच, कधी वेगळाच, कधी उमटतच नाही.

आता हे जवळून बघा. पिवळ्या मारबतीच्या डोक्यामागं ताई शेंदरी झळाळी देतेय, रंग मस्त पसरतोय आणि एकदम कापल्यासारखा थांबतो, तेही सरळ उभ्या रेषेत. शेजारचा पोरगा म्हणतो, "ताई, काहून थांबला? पेन बिघडला का?" ताई म्हणते, "पेनला काही नाही झालं रे, ती पिवळी-काळी तुटक रेघ दिसते का तुला? लेअर तिथं संपला."

गोष्ट खरंच एवढीच आहे. लेअर म्हटलं की आपल्याला वाटतं अख्ख्या चित्रावर टाकलेली पारदर्शक शीट, पण गिम्पमध्ये प्रत्येक लेअरला स्वतःची लांबी-रुंदी असते. समजा बॅनर ४००० बाय २००० पिक्सेलचं आहे आणि मारबतीचा कापून पेस्ट केलेला फोटो १२०० बाय १५०० चा, तर तो लेअर तेवढाच. त्याच्या बाहेर रंग धरायला पिक्सेलच नाहीत, मग ब्रश कितीही घासा. लेअर मेनूत ‘लेअर टू इमेज साइज’ दाबलं की तो पूर्ण चित्राएवढा होतो आणि रंग पुढं सरकतो. मार्च २०२५ मध्ये आलेल्या गिम्प ३.० मध्ये ब्रशच्या ऑप्शनमध्येच ‘एक्सपांड लेअर्स’ आहे, ते चालू केलं की रंगवता रंगवता लेअर आपोआप वाढत जातो. ही सोय फार आधी यायला पाहिजे होती असं मला मनापासून वाटतं, कारण नवीन शिकणारी कितीतरी पोरं याच रेषेशी अडून सॉफ्टवेअरच सोडून देतात.

लेअर तसे जुनेच. फोटोशॉपमध्ये ते १९९४ साली तिसऱ्या आवृत्तीत आले. गिम्पची सुरुवात १९९५ ची, अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातल्या स्पेन्सर किम्बॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी केलेली. पण लेअर ज्यावर उभे आहेत तो अल्फा चॅनल याच्याही आधीचा, सत्तरच्या दशकाच्या शेवटी एड कॅटमल आणि आल्व्ही रे स्मिथ या संगणक-चित्रांवर काम करणाऱ्या दोघांनी मांडलेला. लाल, हिरवा, निळा यांच्या जोडीला चौथा आकडा, हा पिक्सेल किती पारदर्शक ते सांगणारा.

हा चौथा आकडा नसला की काय होतं तेही दुकानात रोज दिसतं. गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतो, तो जेपीईजी, जेपीईजीत अल्फा नसतोच. खोडरबर फिरवला की मागचं दिसायच्या ऐवजी पांढरा रंग लागतो, कारण पारदर्शक व्हायची सोयच नाही म्हणून प्रोग्राम बॅकग्राउंडचा रंग भरतो. लेअरवर राइट क्लिक करायचं, ‘ॲड अल्फा चॅनल’ निवडायचं, मग खोडा.

आता काळ्या मारबतीकडं या, कारण सगळ्यात चकवणारा प्रकार इथंच आहे. ताईनं वर नवीन लेअर घेतला, मोड, म्हणजे वरचा रंग खालच्यात कसा मिसळायचा ती पद्धत, मल्टिप्लाय ठेवला आणि काळ्या अंगावर पिवळे पट्टे ओढले. काहीच दिसत नाही! तोच ब्रश बाजूच्या पांढऱ्या जागेवर नेला तर पिवळा झक्क उमटतो. मल्टिप्लायमध्ये वरच्या आणि खालच्या रंगाचे आकडे गुणतात आणि २५५ नं भागतात. पांढरा म्हणजे २५५, त्यानं गुणून भागलं की रंग जसाचा तसा राहतो, आणि काळा म्हणजे शून्य, शून्याला कशानंही गुणा, शून्यच. म्हणजे रंग लेअरवर लागलाय, शंभर टक्के लागलाय, पण हिशोबात काळाच येतोय. मोड नॉर्मल केला की सगळे पट्टे एकदम समोर. सावली द्यायला मल्टिप्लायसारखं काही नाही, पण काळ्यावर उजेड पाडायचा असेल तर स्क्रीन मोड घ्या, नाहीतर सरळ नॉर्मल.

बाकीचे प्रकार पटकन. कुठंतरी कोपऱ्यात छोटं सिलेक्शन, म्हणजे निवडून ठेवलेला भाग, राहून गेलेलं असतं, झूम केल्यामुळं दिसत नाही, आणि त्याच्या बाहेर ब्रश चालत नाही, तेव्हा कंट्रोल शिफ्ट ए दाबून ते काढून टाका. लाल रंग घेतला आणि चित्रावर लाल यायच्या ऐवजी तो भाग अर्धवट गायब व्हायला लागला तर तुम्ही लेअरवर नाही, त्याच्या मास्कवर, म्हणजे लेअरचा कुठला भाग दिसेल ते ठरवणाऱ्या पडद्यावर, रंगवताय, मास्कला फक्त काळा-पांढरा-करडा कळतो, लेअरच्या छोट्या चित्रावर क्लिक करून परत या. लॉक अल्फा चालू असेल तर रिकाम्या जागी रंग लागणारच नाही, जिथं आधीपासून काही आहे तिथंच लागेल. पण हेच लॉक मारबतीच्या साडीवर नक्षी काढताना सोन्यासारखं आहे, ब्रश काठाबाहेर जातच नाही.

आणि एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. लपवलेल्या किंवा लॉक केलेल्या लेअरवर रंगवायला गेलं की गिम्प नकार देतं आणि कारणही सांगतं, पण कुठं, तर खिडकीच्या एकदम खालच्या पट्टीत, बारीक अक्षरात, ते पण घटकाभरच. रंगवणाऱ्याची नजर ब्रशच्या टोकावर असते हो, खालच्या पट्टीवर नसते! तो निरोप नजरेसमोर यायला हवा. तोपर्यंत ताईनं दुकानातल्या पोराला एकच सवय लावून ठेवली आहे, ब्रश अडला की ब्रशची साइज बदलत बसायचं नाही, आधी लेअरची यादी बघायची, निवडलेला लेअर कोणता, लेअर दाखवणारं डोळ्याचं चिन्ह चालू आहे का, मोड काय आहे.

बॅनर छपाईला देताना जेपीईजी काढावी लागते, त्यात सगळे लेअर एकात मिसळून जातात आणि ते परत सुटे होत नाहीत. म्हणून त्याआधी एक्ससीएफ, म्हणजे लेअर सुटे ठेवणारी गिम्पची स्वतःची फाइल वेगळी सेव्ह केलेली असते. मंडळाचा माणूस रात्री फोन करतो, "अध्यक्षाचं नाव चुकलं, बदलून द्या ना," आणि ताई तीच फाइल उघडून फक्त नावाचा लेअर बदलते.