छत्तीस महिन्यांचा हिशेब

(दृश्य : सॅन डिएगोचं बंदर, करड्या युद्धनौका. तिथून एका कॉलेजच्या पार्किंगवर.)

सॅन डिएगो. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं नौदलाचं मोठं ठाणं. उत्तरेला मरीन सैनिकांचा कॅम्प पेंडलटन. इथल्या कॉलेजांत अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांच्या रांगेत एखादा सत्तावीस वर्षांचा विद्यार्थी हमखास दिसतो. चार-पाच वर्षं सैन्यात नोकरी करून, गणवेश उतरवून तो आलेला असतो. घरी बायको असते, कधी एखादं मूलही. आणि पहिल्या तारखेला घरभाडं द्यायचं असतं.

त्याच्या शिक्षणाचा खर्च सरकार उचलतं. व्हिएतनाममध्ये लढलेले सिनेटर जिम वेब यांनी हा कायदा मांडला, तो २००८ मध्ये मंजूर झाला आणि १ ऑगस्ट २००९ पासून लागू झाला. लोक त्याला नवं जीआय बिल म्हणतात; जीआय म्हणजे बोलीभाषेत अमेरिकी सैनिक. पूर्ण सेवा झालेली असेल, तर राज्याच्या सरकारी विद्यापीठाची स्थानिक विद्यार्थ्याला लागणारी सगळी फी, पुस्तकांसाठी वर्षाला १००० डॉलरपर्यंत आणि त्या भागातल्या दरानं घरभाडे भत्ता मिळतो.

मर्यादा आहे ती महिन्यांची. ३६ महिने. नऊ महिन्यांचं एक शैक्षणिक वर्ष, अशी चार वर्षं. पदवीही चारच वर्षांची. म्हणजे हिशेब अगदी काठोकाठ. एक सत्र वाया गेलं, तर ते स्वतःच्या खिशातून भरायचं.

(दृश्य : सल्लागाराची खोली. टेबलावर दोन खुर्च्यांच्या मध्ये वळवून ठेवलेला स्क्रीन.)

कॉलेजातला शैक्षणिक सल्लागार नव्या पोराला एरवी सांगतो, की पहिलं वर्ष चार विषय चाखून बघ, नाही रुचलं तर शाखा बदल. सल्ला चांगलाच आहे. पण माजी सैनिकाला तोच सल्ला दिला, तर त्याचं नुकसान होतं. पदवीच्या आराखड्यात न बसणाऱ्या विषयाचे पैसे सरकार देत नाही. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी शाखा बदलली, तर जुने विषय नव्या आराखड्यात बसतीलच असं नाही. महिने मात्र खर्च झालेले असतात.

पुढचं गणित फार बारीक आहे. विषयांचा भार क्रेडिटमध्ये मोजतात; सत्राला १२ क्रेडिट म्हणजे पूर्ण वेळ. घरभाडे भत्ता मिळायला निम्म्याहून जास्त भार लागतो. निम्मा चालत नाही, निम्म्याहून जास्तच हवा. ६ क्रेडिट घेतले, तर भत्ता शून्य. ७ घेतले, तर साठ टक्के. एका क्रेडिटचा फरक, आणि त्यावर महिन्याचं भाडं निघतं की नाही हे ठरतं. सगळे विषय ऑनलाइन घेतले, तर भत्ता देशाच्या सरासरीच्या निम्म्यावर येतो. सॅन डिएगोत तेवढ्यात खोलीही मिळायची नाही. दोन सत्रांच्या मधल्या सुट्टीत भत्ता नाहीच. त्यामुळे जानेवारीत हाती येणारे पैसे तोकडे असतात, हे ऑगस्टमध्येच सांगून ठेवावं लागतं.

आता एक उलटी गोष्ट. विषय झेपत नसेल, तर मध्येच सोड आणि गुणपत्रिका स्वच्छ ठेव, असं कुठलाही शिक्षक सांगेल. माजी सैनिकाच्या बाबतीत सोडणं नापास होण्यापेक्षा महाग पडू शकतं. शेवटपर्यंत वर्गात बसून नापास झाला, तर दिलेले पैसे परत मागितले जात नाहीत. विषय पदवीला आवश्यक असेल, तर पुन्हाही घेता येतो. पण मध्येच सोडला आणि आजारपणासारखं मान्य होणारं कारण नसेल, तर सत्राच्या पहिल्या दिवसापासूनची वसुली लागू शकते. पहिल्या वेळी ६ क्रेडिटपर्यंत कारण विचारलं जात नाही. ही सवलत एकदाच. विद्यार्थ्याला हे नियम बहुधा वसुलीचं पत्र हाती पडल्यावरच कळतात. म्हणून चांगला सल्लागार पहिल्याच भेटीत सांगतो, ‘विषय सोडायच्या आधी मला भेट.’

सरकारला नोंदणी कळवणारा कॉलेजचा अधिकारी वेगळा आणि विषय सुचवणारा सल्लागार वेगळा. दोघं एकमेकांशी बोलत नसतील, तर मार बसतो तो विद्यार्थ्याला.

(दृश्य : एक जुनी प्रशिक्षण-नोंद, ओळीवर ओळ क्रेडिट.)

लष्करात शिकलेलं फुकट जात नाही, निदान कागदावर तरी. भूदल, नौदल, मरीन आणि तटरक्षक दलाच्या सैनिकाला एक संयुक्त गुणपत्रिका मिळते. कोणत्या प्रशिक्षणाला किती क्रेडिट द्यावेत, याची शिफारस अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन करतं. शिफारसच, बरं का; मानायची की नाही ते कॉलेज ठरवतं. युद्धभूमीवर जखमा बांधणारा वैद्यकीय सैनिक नर्सिंगला आला, तर ढीगभर क्रेडिट जमा होतात, पण नर्सिंगच्या सक्तीच्या विषयांत त्यातले थोडेच लागू पडतात. बाकीचे ऐच्छिक खान्यात पडून राहतात. अशा वेळी सल्लागारानं त्या विभागाच्या प्रमुखाकडे जाऊन भांडायला हवं, असं आमचं स्पष्ट मत आहे. निव्वळ फॉर्म भरून घ्यायला सल्लागार कशाला हवा?

१९४४ च्या मूळ जीआय बिलानं अमेरिकन विद्यापीठं भरून टाकली होती. १९४७ मध्ये कॉलेजात दाखल झालेल्यांत जवळपास निम्मे माजी सैनिक होते. कृष्णवर्णीय सैनिकांना, विशेषतः दक्षिणेत, त्याचा लाभ फार तोकडा मिळाला. आणि सैनिकांच्या पैशावर डोळा ठेवणारी नफेखोर कॉलेजं तेव्हाही होती, पुढेही राहिली. आयटीटी टेक ही साखळी सप्टेंबर २०१६ मध्ये बंद पडली, तेव्हा कित्येक माजी सैनिकांचे महिने संपलेले आणि क्रेडिट दुसरीकडे न चालणारे, अशी गत झाली. गेलेले महिने परत मिळायला २०१७ चा कायदा यावा लागला.

(दृश्य : साताऱ्याकडचं गाव, पहाटे रस्त्यावर धावणारी मुलं.)

हे सगळं मराठी प्रेक्षकाला का सांगायचं? कारण अग्निपथ योजनेत चार वर्षांनी जास्तीत जास्त पंचवीस टक्के अग्निवीरांना कायम सेवेत घेतलं जातं. बाकीचे बाहेर पडतात, तेव्हा वय विशी-पंचविशीच्या मध्ये असतं. इग्नू या मुक्त विद्यापीठानं त्यांच्यासाठी खास पदवी आखली आहे : निम्मे क्रेडिट सेवेतल्या प्रशिक्षणाचे, निम्मे अभ्यासक्रमातून. २०२२-२३ च्या हिवाळ्यात दाखल झालेल्या पहिल्या तुकड्यांची चार वर्षं २०२६-२७ च्या हिवाळ्यात भरतात. सातारा, कोल्हापूर, सांगलीतली पोरं त्यांत आहेत. अभ्यासक्रमातले निम्मे क्रेडिट कोणते घ्यावेत, त्या पदवीवर पुढे कुठे प्रवेश मिळतो, सेवानिधीतले, म्हणजे चार वर्षांनी मिळणाऱ्या एकरकमी रकमेतले, किती पैसे शिक्षणासाठी बाजूला काढावेत, हे सैन्यात असतानाच त्यांच्याशेजारी बसून मांडून देणारं माणूस लागेल. ते जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात बसवायचं की जवळच्या कॉलेजात, हे ठरवायला वेळ फार उरलेला नाही.