फुगलेलं जाकीट आणि गप्प राहिलेलं जाकीट

श्रोतेहो, नमस्कार.

मासेमारीची बंदी १ जूनला लागते, ३१ जुलैला उठते. या दिवसांत हौशी लोकांच्या होड्याही झापांखाली पडून असतात, आणि होडीतलं सामान घरात येतं. त्यातल्या जाकिटाबद्दल, म्हणजे पाण्यात तरंगत ठेवणाऱ्या लाइफ जॅकेटबद्दल, आज बोलायचं आहे. सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाताना होडीत देतात ते नारिंगी, स्पंजाचं जाकीट नव्हे. त्याचे पट्टे आणि बकलं धड असली, स्पंज चुरला नसला, की काम झालं. मी बोलतोय ते फुगणाऱ्या जाकिटाबद्दल. शिडाची होडी, छोटी इंजिनची बोट हौसेने बाळगणाऱ्यांकडे हल्ली ते दिसतं.

ते फुगतं कसं तेवढं ऐका. आत हवेची पिशवी घडी करून ठेवलेली असते आणि कार्बन डायऑक्साइडचा छोटा सिलिंडर असतो, नेहमीच्या मापात ३३ ग्रॅम गॅसचा. सिलिंडरच्या तोंडाशी सुई, सुईमागे स्प्रिंग, आणि स्प्रिंगला अडवून धरणारी, पाण्यात विरघळणारी गोळी. माणूस पाण्यात पडला की गोळी विरघळते, स्प्रिंग सुटते, सुई सिलिंडरला भोक पाडते आणि काही सेकंदांत पिशवी फुगते. गोळीने दगा दिला तर ओढायला दोरी आहे. सिलिंडरनेही दगा दिला तर तोंडाने फुंकायला नळी आहे.

आता तात्यांची गोष्ट सांगतो. तात्या म्हणजे आमच्या आतेचे यजमान. जन्मभर बोटीवर नोकरी केली, निवृत्त होऊन देवबागेत घर दुरुस्त केलं आणि कर्लीच्या खाडीत फिरायला एक लहानशी शिडाची होडी घेतली. बरोबर दोन फुगणारी जाकिटं, एक स्वतःला, एक मुलाला. मुंबईहून हा सगळा पसारा टेम्पोतून आला. मुंबई-गोवा महामार्गाबद्दल मी आज काही बोलणार नाही, पण टेम्पो त्याच रस्त्याने आला हे ध्यानात ठेवा.

पावसाळा लागला तशी तात्यांनी दोन्ही जाकिटं माजघरातल्या भिंतीतल्या कपाटात टांगली. आषाढातली रात्र, लाईट गेलेली, पाऊस कोसळतोय. आणि मध्यरात्री कपाटातून आवाज आला, फस्स्! पाठोपाठ कडी निघाली आणि दारं धाडकन उघडली. आजी, म्हणजे तात्यांच्या आई, तिथेच निजलेल्या. त्यांनी उशाची बॅटरी मारली तर कपाटातून काहीतरी पिवळं, फुगीर बाहेर आलेलं आणि त्याच्यावर दोन ठिकाणी चकाककन उजेड! चकाकणाऱ्या पट्ट्या होत्या त्या, रात्री शोधणाऱ्याला दिसावं म्हणून जाकिटावर लावलेल्या. पण आजींना काय ठाऊक? त्यांनी घर डोक्यावर घेतलं. "अरे उठा रे, गाऱ्हाणा घाला! कपाटात कोणतरी इलोहा!"

तात्या धावत आले. "आये, भूत नाय गो, जाकीट आसा."

"जाकीट आपसूक फुगता?"

फुगतं. कोकणात आषाढात मिठाच्या बरणीचं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको, गोळीचंही तेच होतं. दमट हवेत ती हळूहळू मऊ पडते आणि एका रात्री सोडून देते. पूर्वी निदान चुलीवरच्या माळ्यावर एक जागा खडखडीत कोरडी असायची. गॅस आला आणि ती जागा गेली. मग बुरशी धरते म्हणून आपणच ओरडत बसतो. धुराने डोळे चुरचुरायचे, पण आमसुलं आणि बियाणं कशी टिकायची! असो.

सकाळी घरात निकाल लागला. फुगलेलं जाकीट वाईट, टाकून द्या. दुसरं चांगलं. आजी तर दुसऱ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ह्यां बघ गुणी, गप रवला." तात्यांनी मात्र दोन्ही जाकिटं पडवीत आणून उघडली. फुगलेल्याची गोळी विरघळलेली, सिलिंडरला भोक पडलेलं, पिशवी ताठ. म्हणजे त्याने आपलं काम चोख केलं होतं, फक्त कपाटात केलं. मग गुणी जाकीट उघडलं. त्याचीही गोळी विरघळलेली, त्याचीही स्प्रिंग सुटलेली. पण सिलिंडर आट्यांमध्ये सैल झाला होता, दोन फेरे मागे. सुई पुढे आली आणि सिलिंडरपर्यंत पोचलीच नाही. टेम्पोतले हिसके, दुसरं काय! तात्या तो सिलिंडर घेऊन बाजारात सोनाराकडे गेले, बारीक काटा त्याच्याकडेच. सोनाराने विचारलं, "मोडायचंय की गहाण?" वजन केलं तर सिलिंडर काठोकाठ भरलेला. गॅस पूर्ण, कापड नवं, आणि जाकीट निरुपयोगी. तेच घालून मुलगा दिवाळीत खाडीच्या मुखापर्यंत जायचा.

म्हणून पहिलं काम. सिलिंडर हाताने पिळून बघा, घट्ट आहे ना. पुन्हा सांगतो, घट्ट आहे ना ते हातानेच बघायचं. बऱ्याच जाकिटांवर हिरवी खूण असते, पण अनेकदा ती एवढंच सांगते की स्प्रिंग अजून सुटलेली नाही. सिलिंडर सैल आहे की रिकामा, हे तिला कळत नाही.

मग सिलिंडर काढून वजन करा. ग्रॅममधलं वजन त्याच्यावर कोरलेलं असतं, त्याहून कमी भरला तर नवा घ्या. गंज चढला असेल तरीही नवा, कारण गंजाची खरखर पिशवीला घासते. गोळीवर तारीख असते. ती उलटली असेल तर गोळी बदला, मग ती दिसायला कितीही कोरडी असो.

पिशवी तपासायला नळीतून हवा भरा, पण पंपाने. तोंडाने फुंकलं की वाफ आत जाते आणि आत ओल राहते. चोवीस तास तशीच ठेवा. मऊ पडली तर ते जाकीट बाद. ठिगळ लावत बसू नका.

खाडीतून आल्यावर गोड्या पाण्याने धुवायचं, पण आधी गोळी आणि सिलिंडर काढून. वाळवायचं सावलीत, हँगरला टांगून. गोळीऐवजी पाण्याच्या दाबावर चालणारी जाकिटंही मिळतात, साधारण दहा सेंटीमीटर खोल गेल्याशिवाय ती सुटत नाहीत. महाग असतात, पण आपल्या हवेला मी तीच घ्या म्हणेन.

आणि घालताना रेनकोटच्या वरून घाला. आतून घातलं आणि फुगलं तर छाती आवळते. जांघेतला पट्टाही लावा, नाहीतर पाण्यात जाकीट वर सरकतं आणि माणूस खाली राहतो. "माका पोहूक येता" म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. शुद्ध हरपलेल्या माणसाला पोहता येत नाही, इतकंच त्यांना सांगतो.

नवी गोळी, नवा सिलिंडर मागवायचा तर नारळी पौर्णिमेच्या आधी मागवा, कुरिअरला पावसात वेळ लागतो. जाकिटाच्या आत कंपनीचं नाव आणि नमुना क्रमांक छापलेला असतो, तो बघूनच मागवा. एकाच्या आट्या दुसऱ्याला बसतीलच असं नाही. आणि काढलेला भरलेला सिलिंडर पोरांच्या हाती किंवा शेकोटीत जाऊ देऊ नका, तापला की तो फुटतो.

नमस्कार.