तात्पर्य न सांगता थांबवलेली गोष्ट

(जिनिव्हातल्या मराठी मंडळींच्या दिवाळी मेळाव्यातलं भाषण, थोडं संपादित करून)

नमस्कार मंडळी. मी रविवारच्या मराठी शाळेत वर्ग घेते, म्हणून मुलांबद्दलच बोलते.

आपण जमलोय त्याच जिनिव्हात आणि पलीकडच्या न्यूशातेलमध्ये, जवळपास शंभर वर्षांपूर्वी, मानसशास्त्रज्ञ झां पियाजे मुलांसमोर गोट्या घेऊन बसले. मला खेळ शिकवा, असं म्हणून ते हळूच विचारायचे: हे नियम कोणी केले? बदलता येतील का? पाच-सहा वर्षांची मुलं सांगायची, नियम वडीलधाऱ्यांनी केले, देवानं केले, ते बदलायचे नसतात. आणि हीच मुलं खेळताना मात्र आपापल्या सोयीनं खेळायची! दहा-अकराची मुलं म्हणायची, सगळ्यांचं एकमत झालं तर बदलू.

त्यांच्या 1932च्या पुस्तकात दोन मुलांची गोष्ट आहे. एकानं दार उघडलं, दारामागचे पंधरा कप नकळत फुटले. दुसरा चोरून जॅम काढायला गेला, एक कप फुटला. जास्त चूक कोणाची? लहानगे पंधरा कपांकडे बोट दाखवतात. नुकसान दिसतं, मनातला हेतू दिसत नाही. सफरचंदं चोरून पळणाऱ्या मुलाच्या पायाखालची फळी मोडली, तर ती चोरीमुळेच मोडली, असंही त्यांना वाटतं. आपल्याकडे ‘देवबाप्पा कान कापेल’ म्हणतात, ते याच वयाला पटतं. तेव्हा पाच वर्षांचं मूल उलटं उत्तर देतं म्हणून त्याला वळण नाही, असं कृपा करून समजू नका.

या समजुतीतून मूल बाहेर कसं येतं? पियाजेंच्या मते, मोठ्यांच्या आज्ञांनी नव्हे, तर बरोबरीच्या मुलांशी खेळून, भांडून, तडजोड करून. मला हे मनापासून पटतं.

पुढे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स कोलबर्ग यांनी 1958मध्ये शिकागोत 72 मुलग्यांना एक पेच घातला. हाइन्झ नावाच्या माणसाची बायको मरणाच्या दारात, औषध परवडत नाही, मग त्यानं ते चोरावं का? ‘हो’ की ‘नाही’ यापेक्षा ‘का’ याचं उत्तर त्यांना हवं होतं. आधी शिक्षेची भीती, मग स्वतःचा फायदा, मग लोक काय म्हणतील, मग कायदा, आणि त्याही पलीकडे माणसाच्या जिवाचं मोल, अशा त्यांनी पायऱ्या मांडल्या. बहुतेक मोठी माणसंसुद्धा ‘लोक काय म्हणतील’ आणि ‘कायदा’ यांच्यातच थांबतात, असं त्यांना दिसलं. घरोघरी आपण हेच पाहतो.

पण ही शिडी सगळ्या जगाला लागू होते का? 1987मध्ये मानववंशशास्त्रज्ञ रिचर्ड श्वेडर आणि सहकाऱ्यांनी भुवनेश्वरचा अभ्यास प्रसिद्ध केला. वडील गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी थोरल्या मुलानं केस कापले आणि कोंबडी खाल्ली, हे तिथल्या मुलांना अतिशय गंभीर वाटलं. शिकागोच्या मुलांना त्यात गैर काहीच दिसलं नाही. आपली मुलं या दोन्ही जगांत रोज ये-जा करतात. भारतात आजोबा गेल्याचा फोन येतो आणि त्याच आठवड्यात वर्गमित्राचा वाढदिवस असतो. ‘सुतकात जायचं नसतं’ एवढंच सांगून आपण मोकळे होतो, आणि ‘का?’ म्हणून विचारणारं मूल आपल्याला उद्धट वाटतं.

मीही असंच शिकवायचे. लोकमान्यांच्या शेंगांची म्हणून सांगतात ती गोष्ट, आणि खाली ‘तात्पर्य: अन्याय सहन करू नये’. मुलं वहीत उतरवून घ्यायची. गेल्या वर्षी मी तात्पर्य गाळलं. ‘मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी टरफलं उचलणार नाही’ इथे थांबले आणि विचारलं, बरोबर केलं का त्यानं?

सहा वर्षांचा एकजण म्हणाला, गुरुजींनी सांगितलं तर उचलायचंच. नऊची मुलगी म्हणाली, ज्यानं खाल्ल्या त्यानं उचलावीत. मग मोठ्यांची जुंपली. गुरुजींनी आधी चौकशी का केली नाही? मित्राचं नाव सांगणं म्हणजे चहाडी का? मागच्या बाकावर चौदा वर्षांची मुलगी बराच वेळ गप्प होती. ती म्हणाली, ‘मावशी, शेवटी टरफलं झाडणाऱ्या बाईनंच उचलली असतील ना? तिनंही शेंगा खाल्ल्या नव्हत्या.’

वर्ग वीस मिनिटं लांबला. बाहेर आई-बाबा जॅकेटं हातात धरून उभे होते, आणि आत कोणी उठायला तयार नव्हतं.