वहीतली जाळी, गोल सुईवर

सदाशिव पेठेतल्या एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर, दुपारच्या खिडकीतल्या उजेडात, या चित्रफितीतली ही विणकामाची वही उघडली जाते. पाने पिवळी पडली आहेत. प्रत्येक विणीशेजारी चार बोटे रुंदीचा नमुना पांढऱ्या दोऱ्याने पानाला टाचलेला आहे आणि त्याखाली बारीक अक्षरांत लिहिले आहे: 'सहाच्या पटीत टाके, अधिक एक. कडेचे दोन निराळे.' विणकामाचा वर्ग चालवणाऱ्या काकूंच्या सासूबाईंची ही वही आहे आणि तिच्यातली प्रत्येक वीण दोन सुयांसाठी, म्हणजे सपाट विणण्यासाठी लिहिलेली आहे.

पडद्यावर डावीकडे दिसणारी बाळाची टोपी याच वहीतल्या जाळीची, म्हणजे भोकाभोकांच्या विणीची आहे. ती सपाट विणून मागे शिवली आहे. काकूंचे बोट त्या शिवणीवरून फिरते, तेव्हा तिथली जाड कड स्पष्ट दिसते. तान्हे बाळ दिवसाचा बराच वेळ उताणे झोपलेले असते आणि ही कड नेमकी त्याच्या डोक्याखाली येते. उजवीकडे गोल सुईवर, म्हणजे लवचीक दोरीने जोडलेल्या दोन टोकांच्या सुईवर, चढलेल्या टोपीला शिवणच असणार नाही. दोन्ही टोप्यांची जाळी एकच आहे. मात्र वहीतले शब्द उजवीकडच्या टोपीला जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

सपाट विणताना प्रत्येक सुईच्या, म्हणजे टाक्यांच्या प्रत्येक ओळीच्या, शेवटी काम उलटवले जाते. त्यामुळे पहिली सुई आपण कापडाच्या पुढून विणतो आणि दुसरी मागून. मागून घातलेला उलट टाका पुढून सुलट दिसतो, म्हणूनच साध्या विणीत एक सुई सुलट आणि एक उलट घ्यावी लागते. गोल विणताना काम कधीच उलटत नाही आणि पुढची बाजू सतत डोळ्यांसमोर राहते. म्हणून तीच साधी वीण इथे प्रत्येक फेरी सुलट विणून होते. याच्या उलट, सपाट विणताना सगळ्या सुया सुलट घेतल्या की जे आडवे दांडे उमटतात, त्यांच्यासाठी इथे एक फेरी सुलट आणि एक फेरी उलट घ्यावी लागते.

'उलट सुया सुलट करून टाका, झाले', असे अनेकदा सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे, आणि त्या अर्ध्या सल्ल्यापायी कितीतरी चांगल्या विणी बिघडतात. मागची सुई नुसती उलट असेल तेव्हाच हे चालते. मागच्या सुईवरही नक्षी असेल, समजा '२ सुलट, ३ उलट, १ सुलट' असे लिहिले असेल, तर ती ओळ शेवटाकडून वाचावी लागते आणि प्रत्येक टाका बदलावा लागतो. फळ्यावर काकू लिहीत आहेत ती तीच ओळ फेरीसाठी बदललेली आहे: '१ उलट, ३ सुलट, २ उलट'. मागून उलट विणून दोन टाके एकत्र केलेले असतील, तर फेरीत ते सुलट विणून एकत्र होतात. दोरा पुढे ठेवून टाका न विणता उचललेला असेल, तर फेरीत दोरा मागे ठेवावा लागतो.

आता टाक्यांचा हिशेब पाहू. सपाट टोपीला वहीप्रमाणे ९३ टाके लागले: सहाच्या पंधरा पटी, जाळी दोन्ही कडांना सारखी दिसावी म्हणून एक, आणि शिवणीत जाणारे दोन. गोल टोपीला कडाच नाहीत, म्हणून तिच्यावर फक्त ९० टाके आहेत. हे जादा तीन टाके तसेच ठेवले, तर फेरी जिथे मिळते तिथे जाळीत उभी फट दिसत राहते. वर्गातल्या पहिल्या प्रयत्नाची टोपी आम्ही मुद्दाम जवळून टिपली आहे. ती फट अशी दिसते.

सर्वांत अवघड जागा सातव्या ओळीत आहे. सपाट जाळीत ही ओळ दोन टाके एकत्र करून सुरू होते आणि दोन टाके एकत्र करूनच संपते. ती दोन अर्धुके आहेत. गोल केल्यावर ती एकमेकांना भेटतात आणि त्या जागी तीन टाक्यांचा एक टाका करावा लागतो. त्यातला पहिला टाका आधीच्या फेरीतला असतो. म्हणून सहावी फेरी एक टाका शिल्लक ठेवून थांबते. काकूंच्या बोटांकडे पाहा: फेरीची सुरुवात दाखवणारी खुणेची लाल कडी त्या टाक्याच्या अलीकडे येते, तो टाका नव्या फेरीत जमा होतो, आणि तीन टाके एकत्र विणले की कडी पुन्हा नक्षीच्या जागेवर बसते. एवढे वहीत कुठेही लिहिलेले नाही. ते कापड वाचूनच समजते.

भिंतीवर एका जुन्या चित्राची प्रत लावलेली आहे. मूळ चित्र जर्मनीत हॅम्बुर्गच्या कलासंग्रहालयात असून ते सुमारे १४०० सालचे आहे. त्यात येशूची आई मरियम बाळाचा अंगरखा चार सुयांवर गोल विणत बसली आहे. इटलीत १५६२ मध्ये मरण पावलेल्या फ्लॉरेन्सच्या डचेस एलिओनोरा दि तोलेदो हिच्या पायांत जे गोल विणलेले रेशमी मोजे सापडले, त्यांवर उलट टाके केवळ नक्षीसाठी घातलेले दिसतात. गोल विणकाम ही अलीकडची टूम आहे असे वर्गात कोणी म्हणाले, की काकू या चित्राकडे बोट दाखवतात.

सैल हाताचाही विचार करावा लागतो. उलट टाका अनेकींच्या हातून सुलट टाक्यापेक्षा सैल पडतो. ८ नंबरच्या, म्हणजे ४ मिलिमीटरच्या सुयांवर सपाट नमुना विणून माप घेतले आणि टोपी नुसत्या सुलट टाक्यांची केली, तर ती लहान होऊ शकते. म्हणून नमुनाही गोलच विणावा.

वर्गातल्या बाकीच्याजणीही आता घरच्या वह्या घेऊन येतात.

काकू पेन्सिल उचलतात. सासूबाईंच्या अक्षराला धक्का न लावता, सातव्या ओळीच्या समासात त्या लिहितात: 'गोल विणताना टाके ९०. सहाव्या फेरीचा शेवटचा टाका पुढच्या फेरीत.'