कानाचा लेखक

नमस्कार श्रोतेहो.

'दुसऱ्या पुस्तकानंतर ॲडम्स संपला.' ठाण्यात, नौपाड्यातल्या एका घरी आम्ही काही वाचक रविवारी सकाळी जमतो. तिथे हे वाक्य कुणी उच्चारलं की चहा तसाच गार होतो. डग्लस ॲडम्सवरून आमच्यात वाद आहे, तो बरीच वर्षं चाललाय, आणि त्यातली माझी बाजू आज मला तुमच्यापुढे मांडायची आहे. ती रेडिओवरून मांडायला मिळतेय याचा विशेष आनंद आहे, कारण माझा सगळा मुद्दाच रेडिओचा आहे.

ॲडम्स हा इंग्रज लेखक. जन्म १९५२, केंब्रिज. 'द हिचहायकर्स गाइड टू द गॅलॅक्सी' हे त्याचं नाव झालेलं काम. तुम्ही ते पुस्तक म्हणून वाचलं असेल किंवा २००५चा चित्रपट पाहिला असेल. पण मुळात ती श्रुतिका. ८ मार्च १९७८ला, रात्री साडेदहा वाजता, बीबीसीच्या रेडिओ फोरवर तिचा पहिला भाग लागला. पुस्तक आलं ते नंतर, १९७९च्या ऑक्टोबरमध्ये.

गोष्ट सुरू होते घर पाडण्यापासून. आर्थर डेंट नावाच्या साध्या माणसाच्या दारात बुलडोझर उभा आहे, कारण तिथून बायपास जाणार आहे. तो भांडतो, तर त्याला सांगतात की हरकती घ्यायची मुदत गेली, नकाशे कचेरीत लावलेलेच होते. लावले होते कुठे? तळघरात. तिथे दिवा नाही, जिना मोडलेला, आणि नकाशे कुलूपबंद कपाटात. त्याच दिवशी आकाशात परग्रहावरची यानं येतात. अंतराळातल्या हमरस्त्याच्या आड पृथ्वी येते, ती पाडायची आहे, आणि नकाशे पन्नास वर्षं अल्फा सेंटॉरी या ताऱ्यावरच्या कचेरीत लावलेले होते, आता तक्रार कसली करता?

आमच्यात घणसोलीचे एक दादा आहेत. नवी मुंबई वसवताना त्यांच्या घरची भातशेती गेली. हा प्रसंग वाचायचा असला की पुस्तक आपोआप त्यांच्याकडे जातं. ते सावकाश वाचतात, कचेरीतल्या माणसाची वाक्यं अगदी सपाट आवाजात. सगळे हसतात, आणि 'मुदत गेली' पाशी हसू थांबतं. 'आमच्या आजोबांच्या हातात असाच कागद पडला होता,' एवढंच ते एकदा म्हणाले. ॲडम्सचा विनोद थिल्लर आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी दादांचं वाचन ऐकावं. बलाढ्य यंत्रणा सभ्य शब्दांत माणसाला कशी चिरडते हे इतकं नेमकं मी फार थोड्या गंभीर कादंबऱ्यांत वाचलंय.

हे शिखर आहे, यावर आमच्यात दुमत नाही. वाद आहे तो उताराचा. 'हिचहायकर्स' मालिकेतली पहिली दोन पुस्तकं झाल्यावर १९८२चं तिसरं, १९८४चं चौथं आणि थेट १९९२चं पाचवं, यांत तो खाली खाली येत गेला, असं पाचपाखाडीचे काका म्हणतात. कथानक विस्कळीत, पात्रं वाऱ्यावर सोडलेली, शेवट अचानक. काकांची उदाहरणं बिनचूक असतात, ती मला खोडता येत नाहीत.

पण कारण? 'प्रतिभा आटली' हे काकांचं उत्तर मला पटत नाही. ॲडम्स कानाने लिहायचा. श्रुतिकेत त्याच्याभोवती माणसं होती. निर्माता जेफ्री पर्किन्स होता, पीटर जोन्ससारखा निवेदक होता, ज्याच्या शांत, किंचित गोंधळलेल्या आवाजासाठी वाक्य घडवता येत होतं, बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉप या ध्वनिविभागाचे तंत्रज्ञ होते. पाचवा आणि सहावा भाग लिहिताना वेळ पुरेना, तेव्हा मित्र जॉन लॉइड सोबत बसला. भाग अर्ध्या तासाचा, ध्वनिमुद्रणाची तारीख ठरलेली. कादंबरी लिहिताना यातलं काहीच नाही. फक्त तो आणि कोरा कागद. आणि मग तो अडायचा. पहिल्या पुस्तकाला इतका उशीर झाला, की हातातलं पान पूर्ण कर आणि आहे तेवढं दे, असं प्रकाशकांनी सांगितलं. ही हकीकत तो स्वतःच सांगे. चौथ्या पुस्तकाच्या वेळी संपादक सनी मेहता, आपल्या दिल्लीत जन्मलेले, त्याला घेऊन हॉटेलात मुक्कामाला राहिले आणि समोर बसून त्यांनी ते लिहून घेतलं.

म्हणून माझी कसोटी साधी आहे. पान मोठ्याने वाचून बघायचं. पहिल्या पुस्तकातला देवमासा घ्या. एका क्षेपणास्त्राचा योगायोगाने देवमासा होतो, तोही जमिनीपासून मैलोन्‌मैल वर. खाली पडता पडता तो स्वतःची ओळख करून घेतो, वाऱ्याला नाव देतो, शेपटीला नाव देतो, आणि समोरून झपाट्याने मोठं होत येणारं ते काय आहे, ते आपल्याशी मैत्री करेल का, असा विचार करतो. जमीन. हा उतारा डोळ्यांनी वाचला तर गंमत वाटते. ऐकला तर गळा दाटतो. त्या जिवाचं सगळं आयुष्य आपल्या कानासमोर काही क्षणांत होऊन जातं.

याच कसोटीवर तिसरं पुस्तक काका म्हणतात तितकं पडत नाही. त्यात क्रिकेट आहे, आणि मुंबई-ठाण्याच्या वाचकाने तरी ते सोडू नये. क्रिकिट नावाच्या ग्रहाभोवती धुळीचा इतका दाट ढग आहे की तिथल्या लोकांनी एकही तारा पाहिलेला नाही. माणसं गोड, कुटुंबवत्सल, गाणी म्हणणारी. एक दिवस ती ढगाबाहेर जातात, अफाट विश्व बघतात, आणि हे सगळं नष्ट करायचं असं ठरवून गाणं गुणगुणत परततात. त्या युद्धाची पुसट आठवण म्हणजे आपला खेळ. बाकी पुस्तक घसरतं, कबूल. मूळ कल्पना 'डॉक्टर हू' या टीव्ही मालिकेसाठी केलेली होती आणि तो सांधा दिसतो. पण प्रेमळ माणसांच्या द्वेषाबद्दलची ती दोन-तीन पानं मी कुणालाही वाचून दाखवीन.

चौथं मला बेताचं वाटतं. पाचवं उदास आहे, फार उदास, आणि ॲडम्सलाही ते सलत होतं. सहावं लिहून मालिका जरा आनंदात संपवावी असं त्याच्या मनात होतं. ते राहून गेलं. ११ मे २००१ला कॅलिफोर्नियात हृदयविकाराच्या झटक्याने तो गेला तेव्हा एकोणपन्नास वर्षांचा होता. पुढे २००५मध्ये पाचव्या पुस्तकाची श्रुतिका झाली, ती करणाऱ्यांनी तिचा शेवट हळुवार केला. काकांना तो बदल मुळीच मान्य नाही. मला आहे.

काकांचा हुकमी एक्का म्हणजे ॲडम्सचीच १९८७ची, डर्क जेंटली या गुप्तहेराची कादंबरी. ती श्रुतिका नव्हती, तरी बांधीव आहे. जिन्यात अडकलेला सोफा, इंग्रज कवी कोलरिजची कविता, काळातून प्रवास, सगळं शेवटी जुळतं. मी एवढंच म्हणते की त्यातही उकल होते ती संगीतापाशी, जर्मन संगीतकार बाखपाशी.

आता माझं खरं म्हणणं. त्याचं सर्वात उंच शिखर विज्ञानकथेत नाहीच. ते १९९०च्या 'लास्ट चान्स टू सी'मध्ये आहे. मार्क कारवर्डाइन या प्राणिशास्त्रज्ञाबरोबर तो नामशेष होऊ घातलेले प्राणी बघत जगभर हिंडला, आणि आधी त्याचीही रेडिओ मालिका झाली. पुन्हा रेडिओ, पुन्हा सोबतीला माणूस. न्यूझीलंडचा काकापो हा न उडणारा पोपट जमिनीत खड्डा करून रात्रभर मादीसाठी घुमतो. तो घुमण्याचा आवाज फार लांब जातो, पण इतका खर्जातला की नेमका कुठून येतोय ते कळणं कठीण. चीनच्या यांगत्से नदीतला बैजी डॉल्फिन जवळजवळ आंधळा, आवाजावर जगणारा. ॲडम्सने पाण्यात मायक्रोफोन सोडला, बैजीला काय ऐकू येतं ते ऐकायला. इंजिनांची सलग घरघर. बाकी काही नाही.

आमच्यातली ऐरोलीची मुलगी हे प्रकरण वाचून खाडीवर जाऊन आली. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५मध्ये झालं, २०२२मध्ये खाडीला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा हा दर्जा, मिळाला. पक्षी बघायला आपण सगळे जातो. ती मात्र पुलाकडे पाठ करून डोळे मिटून उभी राहिली, चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांना काय ऐकू येत असेल ते ऐकत. असं कुणाला करायला लावणारं लेखन उताराचं कसं म्हणायचं?

२००६मध्ये यांगत्सेत शोधमोहीम झाली, एकही बैजी दिसला नाही. काकापो ॲडम्सच्या भेटीच्या वेळी चाळीसच्या आसपास माहीत होते, आज दोनशेच्या वर आहेत. स्वतःच्या कामातलं हे पुस्तक ॲडम्सला सर्वात प्रिय होतं. काका म्हणतात, लेखकाची आवड हा पुरावा नव्हे, आणि ॲडम्सच्या पुस्तकांच्या आमच्या यादीत या पुस्तकाला दुसऱ्या जागी ठेवतात. पुढच्या रविवारी काकापोचं प्रकरण वाचायचं आहे. ते काकांनीच वाचावं, मोठ्याने, असं मी सुचवलंय, आणि ते हो म्हणालेत.

नमस्कार.