वाहक पॉलिमर: ओढा आणि त्याच वेळी मोजा

मित्रहो, प्लास्टिक म्हणजे विद्युतरोधक, हे आपण शाळेपासून गृहीत धरतो. १९७७ मध्ये हिदेकी शिराकावा, ॲलन मॅकडायरमिड आणि ॲलन हीगर यांनी पॉलिॲसिटिलीन या पॉलिमरच्या, म्हणजे प्लास्टिकसारख्याच लांब साखळीच्या रेणूंच्या पदार्थाच्या, फिल्मवर आयोडीनची प्रक्रिया केली आणि तिची वाहकता लाखो पटींनी वाढलेली दाखवली. २००० साली त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. हा इतिहास बहुतेकांना ठाऊक आहे. मला बोलायचंय ते वाहकतेच्या आकड्याबद्दल. तो येतो कसा, आणि त्यावर विसंबायचं कधी?

साध्या मल्टिमीटरची दोन टोकं फिल्मवर टेकवली की मीटर काहीतरी रोध दाखवतो. पण त्यात फिल्मच्या रोधाबरोबर टोक आणि फिल्म यांच्या संपर्काचा रोधही मिसळलेला असतो, आणि पॉलिमरच्या बाबतीत तो कधीकधी फिल्मपेक्षाही मोठा निघतो. म्हणून चार प्रोब, म्हणजे फिल्मला टेकवायची चार टोकं, वापरतात. बाहेरच्या दोघांतून प्रवाह सोडायचा, आतल्या दोघांमध्ये विभवांतर मोजायचं. व्होल्टमीटर जवळजवळ प्रवाह ओढतच नाही, त्यामुळे संपर्काचा रोध हिशेबाबाहेर राहतो. प्रोब एका ओळीत समान अंतरावर असतील आणि फिल्म पातळ व त्या अंतराच्या मानानं बरीच मोठी असेल, तर विभवांतर भागिले प्रवाह, गुणिले ४.५३, हा झाला पृष्ठरोध. त्याला जाडीनं गुणलं की रोधकता मिळते, आणि एक भागिले रोधकता म्हणजे वाहकता.

खरी अडचण या जाडीतच आहे. फिल्म १०० नॅनोमीटरची आणि जाडी मोजताना २० नॅनोमीटरची चूक झाली, तर विजेचं मोजमाप कितीही काटेकोर असो, उत्तरात वीस टक्क्यांची चूक शिरलीच. शिवाय टोकदार प्रोब मऊ फिल्ममध्ये रुततात. म्हणून मला आधी सोन्याचे छोटे पॅड बसवून त्यांवर जोडणी घेणं जास्त भरवशाचं वाटतं. प्रवाह कमी ठेवावा, नाहीतर फिल्म तापते. आणि त्याची दिशा उलटवून मोजमाप पुन्हा घ्यावं.

पेडॉट-पीएसएस या सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या वाहक पॉलिमरमध्ये (वाहक पेडॉट आणि त्याच्या जोडीचा पीएसएस या दोन पॉलिमरांचं हे मिश्रण) आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते, ती म्हणजे हवेतली आर्द्रता. त्यातला पीएसएस पाणी शोषतो आणि फुगतो. फिल्मची जाडी बदलते, ती मऊ पडते, आणि इलेक्ट्रॉनिक वहनाच्या जोडीला आयनांचं वहनही सुरू होतं. अशा वेळी एकदिश विभव लावलं तर प्रवाह सुरुवातीला जास्त दिसतो आणि हळूहळू उतरतो, कारण आयन इलेक्ट्रोडपाशी जाऊन साचतात. दोन्ही वहनं वेगळी करायची तर निरनिराळ्या वारंवारतांवर इम्पिडन्स, म्हणजे उलटसुलट प्रवाहाला होणारा विरोध, मोजायला हवा. निदान आर्द्रता आणि तापमान आकड्याशेजारी लिहायलाच हवं. ते नसेल तर मी तो आकडा तुलनेसाठी वापरत नाही.

आता यांत्रिक बाजू. स्वतंत्र, जाडसर फिल्म ताण-यंत्रात पकडून ओढता येते. कोरडी पेडॉट-पीएसएस फिल्म साधारण काही टक्के ताणल्यावरच तुटते. मऊपणा आणणारे घटक मिसळले की ही मर्यादा बरीच वाढते. नॅनोमीटरमधली फिल्म मात्र पकडीत धरता येत नाही. ती लवचिक रबरी पट्टीवर बसवून पट्टी ओढायची आणि पहिली भेग कधी पडते ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं.

इथे एक हिशेब नीट समजून घेऊ. फिल्म १० टक्के ओढली आणि तिचं आकारमान तेवढंच राहिलं असं धरा. लांबी झाली १.१ पट, म्हणून छेदाचं क्षेत्रफळ १.१ नं भागलं गेलं. रोध लांबीच्या सम आणि क्षेत्रफळाच्या व्यस्त प्रमाणात असतो, म्हणजे तो १.२१ पट झाला. पदार्थाची वाहकता तसूभरही बदललेली नाही, तरी मीटर २१ टक्के वाढ दाखवतो! हा भूमितीचा वाटा वजा न करता ‘ताणल्यावर वाहकता घटली’ असं लिहिणं मला मुळीच मान्य नाही.

वाढ २१ टक्क्यांहून कमी भरली, तर पदार्थ ओढीच्या दिशेत अधिक वाहक झाला असणार. पॉलिमरच्या रेणूंच्या साखळ्या त्या दिशेला रांगेत आल्या की असं घडतं. ताणलेल्या पॉलिॲसिटिलीनमध्ये हे ठळकपणे दिसलं होतं. वाढ फार जास्त असेल, तर भेगांचा संशय घ्यावा. भेगा ओढीला आडव्या पडतात, म्हणून ओढीच्या दिशेतला रोध आडव्या दिशेतल्या रोधापेक्षा झपाट्यानं चढतो. यासाठीच दोन्ही दिशांना मोजणं मी आवश्यक मानतो. फिल्मच्या कडेला चार जोडण्या घेऊन रोधकता मोजण्याची १९५८ ची व्हॅन डेर पाव पद्धत सर्व दिशांना सारख्या असलेल्या पदार्थासाठी आहे. ताणलेल्या फिल्मला ती जशीच्या तशी लावू नये, तिथे १९७१ ची माँटगोमेरीची पद्धत घ्यावी.

आणि हे सगळं एकाच नमुन्यावर, एकाच वेळी व्हायला हवं. एका फिल्मची वाहकता आणि दुसरीची ताणक्षमता शेजारी-शेजारी छापली तर ओढताना वाहकतेचं काय झालं, हे कळतच नाही. मज्जातंतूंवर बसवायच्या इलेक्ट्रोडसाठी तर चाचणी खारट द्रावणात, ३७ अंश सेल्सिअसला, वारंवार ताण देऊन करायला हवी. तिथे फिल्म तुटण्याआधीच तळापासून सुटू शकते, आणि ते सुटणं कोरड्या हवेतल्या चाचणीत दिसत नाही.