साखर जेव्हा वाळू होते

नमस्कार, श्रोतेहो.

सकाळी दात घासून झाले, टोपलीतलं संत्रं सोललं, फोड तोंडात टाकली आणि तोंड वाकडं झालं. कडूजहर! काल संध्याकाळी त्याच टोपलीतलं संत्रं किती गोड लागलं होतं. फळवाल्याच्या नावानं खडे फोडायच्या आधी टूथपेस्टच्या ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. बहुतेक ट्यूबवर सोडियम लॉरिल सल्फेट हे नाव सापडेल. तोंडभर फेस येतो तो याच्यामुळे. शाम्पूतही ते असतं. त्यानं जिभेवर गोडाची जाणीव मंदावते, आणि संत्र्यातलं सायट्रिक आम्ल नुसतं आंबट न लागता कडवट लागायला लागतं. गोडी गेली, कडवटपणा वाढला. मग संत्र्यानं करायचं काय? माझी आजी राखुंडीनं दात घासायची. राखुंडीला फेस नाही, त्यामुळे तिला ही तक्रार ठाऊकच नव्हती.

पण टूथपेस्टचं हे काम तसं अर्धवटच. खरी करामत पाहायची तर गुळमारची. सह्याद्रीच्या रानात झाडांवर चढणारा हा वेल, कुणी त्याला बेडकीचा पाला म्हणतात, कुणी मधुनाशिनी. एका मित्राच्या शेताच्या बांधावर मी त्याची दोन पानं मिनिटभर नीट चावली. चव कडसर, तुरट. थुंकून चूळ भरली आणि चिमूटभर साखर जिभेवर ठेवली. काय सांगू, वाळू! दाणे टोचत होते, विरघळत होते, पण गोडाचा मागमूस नाही. पेढा म्हणजे खव्याचा मऊ, पिठूळ गोळा, बस्स. मीठ मात्र खारटच लागलं आणि लिंबू आंबटच.

म्हणजे जीभ बधिर झालेली नव्हती. आपल्या जिभेवर गोड ओळखणारी प्रथिनं वेगळी असतात. पानातली जिम्नेमिक आम्लं नेमकी त्यांनाच जाऊन चिकटतात. साखर समोर येऊन उभी राहते, पण मेंदूपर्यंत वर्दी जात नाही. अर्ध्या-पाऊण तासात ती सुटतात आणि चहा पुन्हा गोड लागतो. मधुनाशिनी हे नाव ऐकून मधुमेहाचे श्रोते कान टवकारतील, म्हणून सांगतो: पाला परस्पर सुरू करू नका, डॉक्टरांना विचारा.

पश्चिम आफ्रिकेत याच्या अगदी उलट खेळ आहे. तिथल्या एका छोट्या लाल फळातलं मिरॅक्युलिन नावाचं प्रथिन गोडाच्या त्याच जागी जाऊन बसतं आणि गप्प राहतं. आंबट काही आलं की जागं होतं. मग लिंबाची फोड चोखली तरी सरबत प्यायल्यासारखं वाटतं! लिंबू आंबटच असतं, पोटाला ते कळतं. फसते ती जीभ.

आणि आवळा? शाळेच्या फाटकाबाहेर मीठ लावलेला आवळा खाऊन नळाचं पाणी प्यायलेल्याला हे वेगळं सांगायला नको. पाणी तेच, पण काय गोड!

राहता राहिलं सकाळचं संत्रं. ते आधी खाल्लंत तरी लगेच ब्रश उचलू नका, आम्लानं दातांचं आवरण थोडा वेळ मऊ पडतं. अर्धा तास जाऊ द्या, मग खुशाल फेस काढा. नमस्कार.